उजवं मूत्रपिंड जरा खाली

सूनबाई: हाही तसाच. सात झाले, नाना.

नाना: उरलेली पाच खोकी फोडू नकोस. बाराही तसेच निघतील. सगळ्यांची भोकं एकाच बैठकीत पाडलीत मी.

सूनबाई: फोडते. खात्री करायला नको?

नाना: खात्री कसली करतेस? कॉलेजनं माल परत पाठवलाय. वाच ती चिठ्ठी पुन्हा, म्हणजे होईल खात्री.

सूनबाई: दोनदा वाचलीय. "मूत्रसंस्थेच्या बाराही नमुन्यांत उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा वर बसवले आहे. अशा नमुन्यांवर विद्यार्थ्यांना शिकवता येणार नाही. त्वरित खुलासा करावा." खाली शरीररचनेच्या विभागप्रमुखांची सही, आणि सहीखाली दोन रेघा.

नाना: दोन रेघा म्हणजे साहेब चिडलेत.

सूनबाई: चिडतील नाहीतर काय! तुमचे चिरंजीव सकाळपासून त्यांच्या दारात उभे आहेत. चार वाजता फोन करणार आहेत. चूक कशी झाली ते तोवर शोधून ठेव म्हणालेत.

नाना: त्यात शोधायचं काय? वय झालं. म्हातारा विसरला. सांगून टाक.

सूनबाई: असं सांगितलं तर पुढे काय होईल, माहीत आहे ना तुम्हाला?

नाना: माहीत आहे. परवा तो फिरतीवरून घरी आला, तेव्हा आतल्या खोलीत तुमची कुजबुज चालली होती, ती ऐकलीय मी. कान शाबूत आहेत माझे. प्लॅस्टिकच्या नमुन्यांची एजन्सी घ्यायची, हे प्लास्टरचं खटलं बंद करायचं आणि नानांना आराम द्यायचा.

सूनबाई: कुजबुजत ते होते. मी ऐकत होते. मी त्यांना एवढंच म्हटलं, नानांच्या हातची एक चूक दाखवा, मग बोलू.

नाना: घे. एकदम बारा दाखवल्या त्यानं.

सूनबाई: तुम्हाला त्याचं काहीच वाटत नाही?

नाना: वाटून काय करू? आराम म्हणजे काही फाशी नाही. खिडकीत बसेन, पेपर वाचेन.

सूनबाई: तुम्ही? पेपर? तुम्ही पेपर घेता तो फक्त ओल्या प्लास्टरखाली अंथरायला. नाना, मला हे पटत नाही. गेल्या वर्षी याच साहेबांशी मूत्राशयाच्या तळाच्या त्या त्रिकोणी भागावरून तुम्ही फोनवर तासभर भांडलात. शेवटी त्यांनी पुस्तक उघडलं आणि माफी मागितली.

नाना: माफी कुठली? "बघतो" म्हणाले.

सूनबाई: त्यांच्यासारख्या माणसाचं "बघतो" म्हणजे माफीच. आणि आज तुम्ही चिठ्ठी हातात पडल्या पडल्या हात टेकता? कुठेतरी पाणी मुरतंय.

नाना: तू रंग दे बाई. पोलिसात नको जाऊस.

सूनबाई: थांबा. रावसाहेबांना खाली काढते.

नाना: त्यांना कशाला उठवतेस? फळीवर बरे आहेत.

सूनबाई: तुमची परीक्षा घ्यायची आहे. विसरला असाल तर यांच्यासमोर कळेल. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तुम्ही मला या पहिल्या नमुन्यासमोर बसवलंत. "हे आमचे रावसाहेब, अठ्ठावीस वर्षं झाली, यांनी हूं की चूं केलेलं नाही." आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, अगं, पहिल्याच आठवड्यात सासरे सुनेला मूत्राशय दाखवतात? कसलं घर आहे हे!

नाना: कामाचं घर आहे म्हणायचं होतंस.

सूनबाई: तेच म्हटलं. चला, सांगा. उजवं मूत्रपिंड खाली का?

नाना: लहान मुलांचा प्रश्न आहे हा.

सूनबाई: मग लहान मुलासारखं उत्तर द्या.

नाना: वर यकृत बसलंय म्हणून. अंगानं दांडगं, त्यानं उजवीकडची सगळी जागा अडवलीय. उजवं बिचारं अर्धा-पाऊण इंच खाली सरकून बसतं. डाव्याला तेवढी अडचण नाही, ते वर राहतं.

सूनबाई: आकार?

नाना: ज्याच्या त्याच्या मुठीएवढा. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. आपलं प्लास्टरचं तिप्पट भरतं.

सूनबाई: आत काय असतं?

नाना: गाळण्या. एकेका मूत्रपिंडात दहा लाख. दिवसभरात दीड-पावणेदोनशे लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्ताला देऊन टाकतात. साखर परत, मीठ लागेल तेवढं परत. नको ते तेवढं ठेवतात. शेवटी हातात उरते लिटर-दीड लिटर लघवी. एवढा खटाटोप दुसरं कुणी करत नाही या अंगात, आणि लोक कौतुक करतात हृदयाचं.

सूनबाई: पुढे.

नाना: पुढे मूत्रपिंडाच्या कुशीत नरसाळ्यासारखं असतं, त्यात ती गोळा होते. तिथून दोन नळ्या निघतात, वीतभरापेक्षा थोड्या मोठ्या. त्यातून लघवी नुसती गळत नाही. नळी आवळते, सैल होते, आवळते, सैल होते, आणि तिला खाली ढकलते. म्हणून माणूस आडवा झोपला तरी काम थांबत नाही. मग नळ्या मूत्राशयात तिरक्या शिरतात. सरळ नाही, तिरक्या. का? तर मूत्राशय भरलं की त्याची भिंतच नळीचं तोंड दाबून धरते. आलेली लघवी मागे फिरत नाही.

सूनबाई: मूत्राशयात मावते किती?

नाना: शंभर-दीडशे मिलीला आठवण येते. चारशे-पाचशेला घाई होते. मग खालचं दार उघडतं आणि मूत्रमार्गातून बाहेर. बायकांचा मार्ग दीड इंच, पुरुषांचा वीतभर. संपली परीक्षा. किती मार्क?

सूनबाई: एक कापला. मधलं एक गाव तुम्ही न थांबता ओलांडलंत. मूत्राशयाच्या खाली, पुरुषांच्या नमुन्यात, मार्गाभोवती काय बसवतो आपण? तपकिरी रंगाचं, सुपारीएवढं?

नाना: प्रोस्टेट.

सूनबाई: ते का गाळलंत?

नाना: राहिलं. म्हटलं ना, विसरतो.

सूनबाई: दहा लाख गाळण्या लक्षात राहतात आणि रोज हातातून जाते ती गाठ राहत नाही? बरं. ते राहू द्या बाजूला. विसरण्याचं कारण मी त्यांना देणार नाही, कारण ते खोटं आहे. आता ही पाटी बघा, अवयव बसवतो ती.

नाना: काय बघू?

सूनबाई: भोकाची कड. मूत्रपिंडाची खुंटी जिथे बसते, तिथे मी पुढच्या अंगाला टवके बुजवायला लांबी भरलीय. सगळ्या पाट्यांना भरलीय. रंगवताना मी तुम्हाला म्हटलंही होतं, यंदाचं प्लास्टर भुसभुशीत आहे, कडांचे टवके उडालेत.

नाना: होतं भुसभुशीत.

सूनबाई: नव्हतं. त्याच पोत्यातून मी मूत्राशयं ओतली, एकही फुटलं नाही. गिरमिट आत शिरतं तिथे भोक स्वच्छ पडतं, आणि बाहेर निघतं तिथे टवका उडतो. हेही तुम्हीच शिकवलंत. रावसाहेबांची पाटी उलटी करा. टवके मागे आहेत. पुढची कड गुळगुळीत. या बारांचे टवके पुढे आहेत. म्हणजे तुम्ही गिरमिट मागून चालवलंत.

नाना: रंगवतेस की जाळी विणतेस?

सूनबाई: मागून चालवलंत ना?

नाना: चालवलं. त्यात गुन्हा काय?

सूनबाई: गुन्हा नाही. पण भोकांच्या खुणा तुम्ही त्या खाकी कागदावरून घेता. तो कागद पुढून ठेवायचा म्हणून कापलेला आहे. पाटीची पाठ आपल्याकडे असली, तर कागद पालथा ठेवायला हवा. तुम्ही तो सुलटाच ठेवलात. म्हणून उजव्याचं भोक वर गेलं आणि डाव्याचं खाली. नळ्या रबरी, त्या ताणल्या आणि बसल्या. मीही डोळे झाकून रंग दिला.

नाना: लागला ना शोध? मग झालं. कागद पालथा घालायला विसरलो. शेवटी विसरलोच.

सूनबाई: चाळीस वर्षं पाटी टेबलावर उताणी ठेवून पुढून भोकं पाडणारा माणूस एका दिवशी मागून का पाडतो?

नाना: उजेड नव्हता.

सूनबाई: खिडकीतलं स्टूल सोडून तुम्ही त्या दाराजवळच्या कोपऱ्यात बसता, तिथे उजेड कमी आहे, जास्त नाही. दोन महिने मी बघतेय. म्हटलं, वारं लागत असेल. त्या कोपऱ्याला फक्त एकच गोष्ट जवळ आहे, नाना. मोरी.

नाना: अगं, काय लावलंयस हे!

सूनबाई: आणि पाटी उभ्या लाकडी घोडीला लावली तर तिची पाठच आपल्याकडे येते, पुढचा उंचवटा घोडीच्या गादीत बसतो. घोडीसमोर स्टुलावर टेकून भोक पाडता येतं. टेबलावर पाडायचं तर ओणवं व्हावं लागतं. पोट टेबलाच्या कडेवर दाबून गिरमिटावर भार टाकावा लागतो. तुम्हाला पोट दाबायचं नव्हतं.

नाना: पुरे झालं आता.

सूनबाई: ही तुमची पाण्याची बाटली. सकाळी मी भरली तशीच आहे. चहा दोनदा ठेवला, दोनदा गार झाला. काल रात्री अर्धी पोळी खाल्लीत. नाना, काय होतंय तुम्हाला?

नाना: काही नाही. कामाला लाग.

सूनबाई: माझ्याकडे बघून सांगा.

नाना: सूनबाई, काही गोष्टी सुनेनं विचारायच्या नसतात आणि सासऱ्यानं सांगायच्या नसतात. तुझी सासू असती तर गोष्ट वेगळी होती. विषय संपला.

सूनबाई: बरं. तुमचं नका सांगू. रावसाहेबांचं सांगा.

नाना: त्यांचं काय?

सूनबाई: या टेबलावर त्यांच्याबद्दल आपण काहीही बोलतो. बारा वर्षं बोलतोय. त्यांचा मूत्रमार्ग मी हातात धरून रंगवलाय, तेव्हा तुम्हाला लाज वाटली नाही आणि मलाही नाही. तर सांगा. रावसाहेबांना पाणी का नको असतं?

नाना: हा वेडेपणा आहे.

सूनबाई: असू दे. सांगा.

नाना: ...प्यायलं की जावं लागतं.

सूनबाई: मग जावं.

नाना: जातात की. जाऊन उभे राहतात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नळ बारीक सोडून ठेवतात, त्या आवाजानं तरी येईल म्हणून. चार थेंब येतात. परत येऊन बसले की वाटतं, राहिलीय. पुन्हा उठतात.

सूनबाई: कधीपासून?

नाना: तीन महिने झाले असतील. आधी धार बारीक झाली. मग तुटक व्हायला लागली. त्यांना वाटलं, होईल आपोआप बरं.

सूनबाई: रावसाहेबांना कारण माहीत होतं?

नाना: रावसाहेबांना नाही माहीत, तर कुणाला? चाळीस वर्षं ती सुपारी मार्गाभोवती स्वतःच्या हातानं बसवलीय. सुपारीचा लिंबू झाला की मधला मार्ग आवळला जाणार, हे शेंबड्या पोराला कळेल. म्हणून तर तिचं नाव घ्यायला नको वाटतं.

सूनबाई: रात्री किती वेळा उठतात?

नाना: सहा वेळा. सात वेळा. कालपासून मात्र तो त्रास मिटलाय.

सूनबाई: मिटलाय म्हणजे?

नाना: म्हणजे काल रात्री जेवल्यावर चार थेंब आले. त्यानंतर नाही.

सूनबाई: एकदाही नाही?

नाना: नाही.

सूनबाई: आत्ता दुपारचे दीड वाजलेत, नाना.

नाना: घड्याळ मलाही दिसतंय.

सूनबाई: मूत्राशय कुठपर्यंत आलंय?

नाना: बेंबीला लागलंय. हाताला कळतं. वाटोळं, घट्ट. साच्यातून काढल्यासारखं.

सूनबाई: नाना!

नाना: ओरडू नकोस. पलीकडे खोकीवाला आहे, ऐकेल.

सूनबाई: ऐकू दे. तुम्ही सकाळपासून हे असं घेऊन बसलात, आणि मी तुमच्यासमोर खोकी फोडत बसले? बेंबीपर्यंत भरलं की पुढे काय होतं?

नाना: तुला माहीत आहे.

सूनबाई: तुमच्या तोंडून ऐकायचंय.

नाना: पुढे जाता येत नाही, म्हणून मागे तुंबतं. वरून नळ्या ढकलत राहतात, खाली जागाच नसते. नळ्या फुगतात. मग वरचं ते नरसाळं फुगतं. मग मूत्रपिंडं दाबली जातात आणि गाळण्या काम सोडतात.

सूनबाई: मग?

नाना: मग नको ते रक्तात राहतं. जेवण नको वाटतं. मळमळतं. डोक्यावर झापड येते.

सूनबाई: अर्धी पोळी.

नाना: हो. अर्धी पोळी.

सूनबाई: मला भीती वाटतेय, नाना. स्पष्ट सांगते. उठा. चपला घाला. मी गाडी बोलावते.

नाना: चारला त्याचा फोन येईल.

सूनबाई: येऊ दे. फोन काही टेबलाला बांधलेला नाही.

नाना: येतो. पण एक ऐक. त्याला यातलं काही सांगायचं नाही. नाना विसरले, एवढंच सांगायचं.

सूनबाई: म्हणजे ते तुम्हाला टेबलावरून उठवतील.

नाना: उठवू दे. घरातला म्हातारा विसराळू झाला, तर लोक हसून सोडून देतात. घरातल्या म्हाताऱ्याला लघवी होत नाही, हे चारचौघांत गेलं, तर मी तोंड कुठे लपवू? तो कॉलेजात सांगेल, कॉलेजवाले गालात हसतील. मूत्रसंस्थेचे नमुने बनवणाऱ्याचीच मूत्रसंस्था तुंबली म्हणून.

सूनबाई: तुमचं टेबल गेलं तरी चालेल, पण हे कळायला नको?

नाना: चालेल असं नाही म्हटलं मी. पण त्यातल्या त्यात ते बरं.

सूनबाई: डावा हात द्या. सावकाश. पोट दाबू नका.

(दवाखान्यातली पडद्यामागची खाट. खाटेच्या दांडीला लघवीची पिशवी लटकतेय. चारला पाच कमी.)

नाना: किती झाली?

सूनबाई: तेराशे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढी घेऊन हे चालत आले?

नाना: तू काय म्हणालीस?

सूनबाई: म्हटलं, चालत आले आणि गाडीवाल्याला रस्ताही सांगत आले. आता कसं वाटतंय?

नाना: काय सांगू तुला! सूनबाई, जगात कुणी मला राज्य दिलं असतं ना, तर एवढं बरं वाटलं नसतं. नळी घालताना ब्रह्मांड आठवलं, पण मग जे सुटलं! मी तर त्या पोरीला नमस्कारच केला.

सूनबाई: पाहिलं मी. पडद्याच्या फटीतून. ती लाजली.

नाना: वर काय झालंय? सोनोग्राफी झाली ना?

सूनबाई: दोन्ही मूत्रपिंडं थोडी फुगलीत. रक्तात क्रिएटिनिन वाढलंय. बाई म्हणाल्या, आता वाट मोकळी झालीय, दोन-चार दिवसांत उतरायला हवं. आणखी दोन दिवस थांबला असता तर मी एवढ्या खात्रीनं बोलले नसते, असंही म्हणाल्या. प्रोस्टेटचं औषध चालू करतायत. नळी आठवडाभर राहील. मग ऑपरेशनचं ठरवू. आणि रोज किती होते ते मोजायचं.

नाना: उजवं जास्त फुगलंय की डावं?

सूनबाई: उजवं. का?

नाना: काही नाही. विचारलं. ...वाजला बघ. उचल. आणि लक्षात आहे ना? विसरलो.

सूनबाई: ऐका, नाना. मी खोटं सांगणार नाही. आणि खरंही मी सांगणार नाही, कारण ते तुमचं आहे. मी फोन तुमच्या उशाशी ठेवते. आवाज मोठा करते. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

नाना: अगं, अगं...

मुलगा: हॅलो! अगं, कुठे आहेस? कारखान्यात तीनदा फोन केला, कुणी उचलत नाही. साहेबांनी आत बोलावलंय मला. सापडलं का काही? मी काय बोलू आत जाऊन?

सूनबाई: नाना आहेत इथे. ते सांगतात.

मुलगा: नाना? बरं, नाना, मी रागावलेलो नाही हां. मी समजू शकतो. माणसाचं वय होतं. साहेबांना मी तसं सांगतो, वडील आता थकलेत, यापुढे आम्ही प्लॅस्टिकचा पक्का माल देऊ. नमुनाही आहे माझ्या बॅगेत. तुम्ही फक्त हो म्हणा. विसरलात, असंच झालं ना?

नाना: आवाज बारीक कर गं याचा.

मुलगा: नाना? ऐकू येतंय?

नाना: येतंय. नाही विसरलो.

मुलगा: मग?

नाना: भोकं मागून पाडली. कागद पालथा घालायचा राहिला.

मुलगा: मागून? तुम्ही? का पण?

नाना: पुढून पाडायची तर ओणवं व्हावं लागतं. पोट दाबलं जातं.

मुलगा: पोटाला काय झालं?

नाना: लघवी होत नव्हती मला. तीन महिने झाले. काल रात्रीपासून सगळीच बंद झाली, म्हणून हिनं दवाखान्यात आणलं. नळी घातलीय. आता बरा आहे.

मुलगा: नाना, तीन महिने? तीन महिने आपण रोज बोलतोय. फिरतीवरूनही रोज रात्री साडेआठला मी फोन करतो तुम्हाला.

नाना: हो. ऑर्डरींबद्दल.

मुलगा: ...हो. ऑर्डरींबद्दल.

सूनबाई: मूत्रपिंडं थोडी सुजलीत. उतरतील म्हणाल्या डॉक्टर. तुम्ही घाबरू नका.

मुलगा: मी नाही घाबरलो. म्हणजे... थांब जरा. मला खाली बसू दे. इथे पायरी आहे एक.

नाना: साहेब वाट बघत असतील तुझी.

मुलगा: बघू देत. नाना, त्या बारा पाट्या पुन्हा करायच्या तर किती दिवस?

नाना: पाट्या पुन्हा कशाला? चांगल्या आहेत. चुकीची भोकं बुजवायची, नवी पाडायची, रंग ही देईल. पंधरा दिवस. पण सरळ सांगतो, गिरमिट मला आता महिनाभर चालवता येणार नाही. ते ही चालवेल. मी समोर स्टुलावर बसून बघेन. टवका कुठे उडतो ते हिला माझ्याइतकंच कळतं.

सूनबाई: मी तयार आहे.

मुलगा: मग मी साहेबांना पंधरा दिवस सांगतो. बारा नमुने, नानांच्या देखरेखीखाली. प्लॅस्टिकचं काही बोलत नाही.

नाना: आणि हे जे झालं माझं, ते...

मुलगा: ते त्यांना कशाला सांगू? कागद पालथा घालायचा राहिला, एवढंच. खरंच आहे ते.

नाना: बरं.

मुलगा: नाना, मी साडेआठला फोन करतो. रोजच्यासारखा.

नाना: कर. तोवर ऑर्डरचं काय झालं ते कळेलच.

मुलगा: ऑर्डरचं मी हिला सांगेन. तुम्ही मला रोज किती झाली ते सांगायचं.

नाना: काय?

मुलगा: लघवी. रोज किती झाली ते. मला सांगायचं.

नाना: ...बरं. आज तेराशे.